प्रजननशास्त्रात संशोधन करायचंय? सातारा-सांगलीतून सुरुवात कशी करावी

अजिंक्यतारा_४१५

दरवर्षी निकाल लागले की साताऱ्यातली, कऱ्हाडची, सांगली-मिरजेची बीएससी-एमएससीची मुलं एकच प्रश्न घेऊन येतात. "वंध्यत्वावर संशोधन करायचंय, कोणता कोर्स करू?" उत्तरं विखुरलेली राहू नयेत म्हणून हा धागा काढला आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी भर घालावी. आकडे चुकले असतील तर बेलाशक दुरुस्त करावेत.

आधी वाटा पाहू. पहिली वाट रुग्णालयातल्या आयव्हीएफ (शरीराबाहेरचं फलन) लॅबची, म्हणजे बीज आणि गर्भ हाताळणाऱ्या क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजिस्टची. दुसरी मूलभूत संशोधनाची: शुक्राणू, स्त्रीबीज, गर्भाशयाचं अस्तर, संप्रेरकं. त्यासाठी नेट-जेआरएफ किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी ही पाठ्यवृत्तीची परीक्षा देऊन पीएचडी करावी लागते. परळची आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था, हैदराबादची सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र), दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्था ही ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवा. तिसरी वाट पशुवैद्यकाची, आणि आपल्या भागात तिचीच सर्वांत जास्त उपेक्षा होते. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच आहे. कर्नालच्या एनडीआरआय या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत म्हशींवर झालेलं काम तर जगभर वाचलं जातं. चौथी वाट एमबीबीएस करून स्त्रीरोग आणि मग प्रजनन वैद्यक अशी जाते. ती डॉक्टरांची, त्यामुळे तिच्यात फार शिरत नाही.

माझं स्पष्ट मत असं की वाट कोणतीही धरा, पहिलं वर्ष मोजमाप शिकण्यात घालवा. इक्सी (एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणं), जनुक संपादन, कृत्रिम बुद्धिमत्तेने गर्भाची निवड हे विषय भुरळ घालतात. पण ज्याला शुक्राणू नीट मोजता येत नाहीत, त्याच्या पुढच्या सगळ्या आलेखांचा पाया कच्चा राहतो. वीर्य तपासणी हे यातलं सर्वांत स्वस्त, सर्वांत सहज मिळणारं आणि सर्वांत निष्काळजीपणे केलं जाणारं काम आहे. सुरुवात तिथूनच व्हावी.

मिरज_जंक्शन

शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. मोजणी नेमकी कशी करायची ते सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच ठिकाणी ती अंदाजपंचे चालते.

नमुना २ ते ७ दिवसांच्या संयमानंतरचा हवा आणि पूर्ण हवा. पहिला थेंब सांडला असेल तर तशी नोंद करा, कारण शुक्राणूंचा मोठा वाटा त्या पहिल्या भागातच असतो. नमुना शक्यतो लॅबशेजारच्या खोलीतच द्यायला सांगा. जतहून किंवा पाटणच्या वरच्या वाडीतून खिशात डबी घालून एसटीने आलेल्या नमुन्याची हालचाल मोजण्यात अर्थ नसतो. गतिशीलता तासाभराच्या आत पाहायची, जमल्यास अर्ध्या तासात. साधा कंडोम वापरून नमुना आणला असेल तर तो बाद.

आकारमान मोजायला डबी आधी रिकामी वजन करा, मग नमुन्यासह करा. १ ग्रॅम म्हणजे १ मि.ली. धरलं तरी चालतं. पिपेटने ओढून किंवा सिरिंजमध्ये घेऊन मोजलं की काही भाग भिंतीला चिकटून राहतो आणि आकडा कमी येतो.

३७ अंशांवर द्रवीभवन होऊ द्या. बहुतेक नमुने १५ ते ३० मिनिटांत पातळ होतात, ६० मिनिटांपर्यंत वाट पाहायची. मग नीट ढवळून ५० मायक्रोलिटर वीर्य आणि २०० मायक्रोलिटर फिक्सेटिव्ह (शुक्राणूंची हालचाल थांबवणारं द्रावण), म्हणजे पाच पट विरलन (पातळ करणं). इथे नेहमीची हवेच्या उशीची पिपेट दगा देते. वीर्य चिकट असल्यामुळे ती ५० सांगून त्याहून कमी ओढते. पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंटची पिपेट हवी, जिच्यात दट्ट्या थेट द्रवाला टेकतो. महाग असते, पण पर्याय नाही.

दोन वेगळी विरलनं करा आणि सुधारित न्यूबॉअर कक्षाच्या (मोजणीसाठी जाळी कोरलेली काच) दोन्ही बाजू त्यांनी वेगवेगळ्या भरा. एकाच विरलनाने दोन्ही बाजू भरल्या तर विरलनातली चूक कधीच पकडली जात नाही. भरलेला कक्ष ओल्या टिश्यूच्या बंद डबीत १० ते १५ मिनिटं ठेवा, म्हणजे शुक्राणू तळाशी बसतात. प्रत्येक बाजूला निदान २०० मोजायचे.

उदाहरण घ्या. मधल्या जाळीचे पंचवीसही चौकोन मोजले, एका बाजूला २२०, दुसऱ्या बाजूला १९२. बेरीज ४१२, फरक २८. ४१२च्या आसपासच्या बेरजेला ४०पर्यंतचा फरक केवळ योगायोगाने येऊ शकतो, तेव्हा ही मोजणी ग्राह्य. फरक ६८ आला असता तर दोन्ही आकडे टाकून नव्याने विरलन करायचं. मधल्या जाळीचं घनफळ १०० नॅनोलिटर, दोन्ही मिळून २००. ४१२ भागिले २०० गुणिले ५, म्हणजे १०.३ दशलक्ष प्रति मि.ली.

कराडची_ऋतुजा

नमस्कार सर. मी एमएससी झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १०.३ आलं म्हणजे तो पुरुष वंध्य असं लिहायचं का? आणि दुसरा प्रश्न: सहा महिन्यांचा एम्ब्रियॉलॉजीचा सर्टिफिकेट कोर्स करावा की थेट पीएचडी?

मिरज_जंक्शन

नाही ऋतुजाताई, असं कधीच लिहायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सहाव्या आवृत्तीतले आकडे असे: आकारमान १.४ मि.ली., संख्या १६ दशलक्ष प्रति मि.ली., एकूण ३९ दशलक्ष, एकूण गतिशीलता ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, सामान्य घडणीचे ४ टक्के. हे आकडे आले कुठून? ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांच्या मोजण्यांमधून, आणि ही त्या मोजण्यांची खालची ५ टक्क्यांची रेघ आहे. म्हणजे बाप झालेल्या दर शंभरांतले पाच जण कुठल्याही एका रकान्यात या रेघेखालीच होते. अहवालात आकडा लिहा, रेघ लिहा, निदान डॉक्टरांवर सोडा. आणि एका नमुन्यावर तर काहीच ठरवू नका. त्याच माणसाचा आकडा महिन्याभरात दुपटीने इकडेतिकडे होऊ शकतो. मधे मोठा ताप येऊन गेला असेल तर परिणाम पुढे दोन-तीन महिने दिसतो, कारण शुक्राणू तयार व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो.

अजिंक्यतारा_४१५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. एआरटी (साहाय्यक प्रजनन उपचारांचा) कायदा २०२१चा आणि त्याखालचे नियम २०२२चे. त्यांत दवाखान्यांचे दोन स्तर केले आहेत. पहिल्या स्तरावर फक्त आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं), दुसऱ्या स्तरावर आयव्हीएफ-इक्सी. दुसऱ्या स्तरावरच्या एम्ब्रियॉलॉजिस्टची पात्रता नियमांत लिहून दिलेली आहे. पैसे भरण्याआधी तो तक्ता स्वतः वाचा आणि कोर्सवाल्यांना लेखी विचारा: तुमच्या प्रमाणपत्रावर मला दुसऱ्या स्तरावर नाव नोंदवता येईल का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका. थोड्या आठवड्यांचे कोर्स हात बसवायला ठीक, पात्रता म्हणून नाही. पूर्ण वेळ चार सत्रांची क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीची एमएससी वेगळी, आणि मणिपालसारख्या ठिकाणी ती बरीच वर्षं चालू आहे.

पीएचडीचं गणित: जेआरएफला २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, वर घरभाडं. पाच-सहा वर्षं जातात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, विशेषतः मुलींनी, कारण तिसऱ्या वर्षी "अजून किती?" हा प्रश्न येतोच. गाइड निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्याकडून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत ते पाहा, आणि त्यांतल्या दोघांशी फोनवर बोला.

शिरवळ_घाट

पशुवैद्यकाच्या वाटेवर लिहितो. मानवी स्त्रीबीजावर शिकाऊ माणसाला प्रयोग करता येत नाहीत, येऊही नयेत. वाया जाणारं अपक्व बीज असलं तरी त्याला लेखी संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते. म्हशीचं अंडाशय मात्र परवानाधारक कत्तलखान्यात मिळतं, एरवी ते फेकूनच दिलं जातं. हात बसवायला याहून चांगली शाळा नाही.

अंडाशय काढल्याबरोबर ०.९ टक्के सलाइनमध्ये टाका, त्यात प्रतिजैविक हवं. थर्मासमध्ये ३० ते ३५ अंश आणि चार-पाच तासांच्या आत लॅबमध्ये. बर्फात आणू नका, बीजाची आतली रचना थंडीने मोडते. लॅबमध्ये कोमट सलाइनने तीन-चार वेळा धुवून, भोवतालची चरबी कापून, २ ते ८ मि.मी.च्या पुटिकांमधून (बीज असलेल्या द्रवाच्या पिशव्यांमधून) १८ गेजच्या सुईने द्रव ओढायचा. दट्ट्या हळू ओढा. जोरात ओढला की बीजाभोवतीचं क्युम्युलस पेशींचं आवरण सोलून निघतं आणि उघडं बीज नीट पिकत नाही.

स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली निवड करा: आवरणाचे निदान तीन-चार थर पूर्ण, आतला भाग एकसारखा दाणेदार. आवरण विस्कटलेलं किंवा आत काळे डाग असलेलं बाजूला काढा. पिकवायला टीसीएम-१९९ माध्यम (पोषक द्रव), १० टक्के वासराचं सीरम, आणि एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल ही संप्रेरकं. तेलाखालच्या १०० मायक्रोलिटरच्या थेंबात १० ते १५ बीजं. ३८.५ अंश (म्हशीचं शरीर आपल्यापेक्षा गरम), ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २४ तास.

नवखे इथे हिरमुसतात. म्हशीच्या एका अंडाशयातून वापरण्याजोगी बीजं जेमतेम एक-दोन निघतात, कधी एकही नाही. गायीपेक्षा म्हशीत पुटिकांचा साठाच कमी असतो. तेव्हा प्रयोग आखताना किती अंडाशयं लागतील ते आधी मांडा. आवरण फुललं म्हणजे बीज पिकलं असं धरू नका, हायल्युरोनिडेज या विकराने भोवतालच्या पेशी काढून पहिला ध्रुवीय पिंड (पिकताना बीजाने बाहेर टाकलेली छोटी पेशी) दिसतो का ते पाहा.

फलनासाठी गोठवलेल्या वीर्याची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. शुक्राणू धुतल्यानंतर हेपॅरिन १० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. शुक्राणूला बीजात शिरण्याची क्षमता आपोआप नसते, ती यावी लागते. हे १९५१मध्ये चँग आणि ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, आणि १९५९मध्ये चँगनी सशात शरीराबाहेरचं फलन सिद्ध केलं. वळूच्या आणि रेड्याच्या शुक्राणूंना ती क्षमता हेपॅरिन देतं. माध्यमात ग्लुकोज असेल तर ते हेपॅरिनच्या आड येतं, म्हणून फलनाचं माध्यम बिनग्लुकोजचं ठेवतात. फलन होत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा माध्यमाची बाटली कोणती वापरली ते विचारतो.

कर्नालला १९९०मध्ये शरीराबाहेरच्या फलनातून म्हशीचं पहिलं रेडकू जन्मलं, ते याच पायऱ्यांवरून.

कोयनाकाठ

म्हशीवर दोन वर्षं घालवून माणसाच्या वंध्यत्वाला काय उपयोग? आयव्हीएफ केंद्रांमध्ये शेकडो रुग्णांच्या फायली पडून आहेत. त्यावर पेपर का लिहू नयेत?

आकडेमोड

लिहावेत, जरूर लिहावेत. पण फायलींवरून निष्कर्ष काढणं हे म्हशीच्या बीजापेक्षा अवघड काम आहे.

समजा १०० जणींनी उपचार सुरू केले. ९२ जणींची बीजं काढली, ८० जणींत गर्भ सोडला, ४० जणींची रक्ततपासणी सकारात्मक आली, २८ जणींच्या हातात मूल आलं. "यश ५० टक्के" असं म्हणता येतं, ४० भागिले ८०. आणि "२८ टक्के" असंही. दोन्ही आकडे खरेच, पण उपचार सुरू करणाऱ्या बाईला कळायला हवा तो दुसरा. पेपरात छेद (किती जणींपैकी, हा खालचा आकडा) कोणता ते पहिल्याच तक्त्यात लिहा.

दुसरी नेहमीची चूक. २० जणींची २४० बीजं घेतली आणि नमुन्याची संख्या २४० धरली. एका बाईची बारा बीजं एकमेकांसारखी असतात, ती बारा स्वतंत्र निरीक्षणं होत नाहीत. तुमच्या हाताशी २० बायका आहेत. संख्याशास्त्रात त्याची सोय करता येते, पण सोय न करता काढलेला पी-मूल्याचा आकडा फसवा असतो.

तुलनेचा गट चुकला की काय होतं त्याचं सगळ्यांनी वाचावं असं उदाहरण लेट्रोझोल या बीज वाढवणाऱ्या गोळीचं आहे. २००५मध्ये एका परिषदेत मांडलेल्या सारांशात या गोळीने बाळात व्यंग येतं अशी भीती घातली गेली. तपासलेली बाळं १५०, आणि तुलना सर्वसाधारण कमी जोखमीच्या बाळंतपणांशी. वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या, वयाने मोठ्या बायकांची तुलना तशाच दुसऱ्या बायकांशी व्हायला हवी होती. पुढच्याच वर्षी ती झाली. ९११ बाळांच्या अभ्यासात व्यंगाचं प्रमाण लेट्रोझोलच्या गटात २.४ टक्के, क्लोमिफेन या जुन्या गोळीच्या गटात ४.८ टक्के. तरीही २०११मध्ये आपल्याकडे वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी आली. २०१४मध्ये पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या ७५० बायकांवरची यादृच्छिक (कोणाला कोणती गोळी ते चिठ्ठीने ठरवलेली) चाचणी प्रसिद्ध झाली: मूल हाती येण्याचं प्रमाण लेट्रोझोलने २७.५ टक्के, क्लोमिफेनने १९.१. नंतर इथली बंदीही उठली. एक चुकीचा तुलना-गट किती बायकांच्या उपचारांवर परिणाम करून गेला ते पाहा.

रुग्णांवर चाचणी घ्यायची असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदणी. नंतर केलेली नोंद चालत नाही.

वाईचा_घाट

कोयनाकाठ, तुमच्या प्रश्नाला अजून एक उत्तर. म्हशीवर शिकलेला माणूस इन्क्युबेटर (बीज-गर्भ वाढवायची उबदार पेटी) समजून घेतो, आणि आपल्या भागात ते फार लागतं. मुंबईची एसओपी (कामाची लिहून ठरवलेली पद्धत) उचलून साताऱ्यात लावली की माध्यमाचा पीएच बदलतो. कारण उंची.

पीएच ठरतो तो कार्बन डायऑक्साइडच्या आंशिक दाबावर. मुंबईत हवेचा दाब ७६० मि.मी. पारा. ३७ अंशांवरच्या बाष्पाचे ४७ वजा केले की ७१३ उरतात, त्याचे ६ टक्के ४२.८. साताऱ्याची उंची सुमारे ७०० मीटर धरली तर दाब ६९९च्या आसपास. ४७ वजा जाता ६५२, त्याचे ६ टक्के ३९.१. म्हणजे पीएच साधारण ०.०४ने वर. हव्या त्या पीएचची खिडकीच ७.२ ते ७.४ असताना हा फरक छोटा नाही. साताऱ्यात तोच दाब मिळवायला साधारण ६.५ ते ६.६ टक्के लावावे लागतात, सांगलीत ६.४, महाबळेश्वरला ७च्या वर.

मिरज_जंक्शन

एक दुरुस्ती सुचवतो. इन्फ्रारेड सेन्सर रेणूंची घनता मोजतो आणि ती टक्क्यांत दाखवतो. काही यंत्रांत उंची भरायची सोय असते, काहींत नाही. म्हणजे पडद्यावरचे ६ टक्के हे समुद्रसपाटीच्या हिशेबाचे की इथल्या, हे यंत्राप्रमाणे बदलतं. तुमच्या गणिताने दिशा कळते. सेटिंग ठरवायचं ते माध्यमाचा पीएच प्रत्यक्ष मोजूनच.

वाईचा_घाट

बरोबर, ते राहून गेलं. माध्यम रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, सकाळी काढल्या काढल्या मोजायचं. उघड्यावर काही मिनिटं राहिलं तरी वायू उडून पीएच वर सरकतो आणि इन्क्युबेटर चुकतोय असं वाटतं. नवी सिलिंडर, नव्या लॉटचं माध्यम, दुरुस्ती, या प्रत्येक वेळी पुन्हा मोजणी.

मंगळवार_तळं

गोठवलेली बीजं आणि गर्भ ज्यात ठेवतात त्या लिक्विड नायट्रोजनबद्दल कुणीच लिहिलं नाही. १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो ऑक्सिजन हटवतो आणि माणूस काही न जाणवता बेशुद्ध पडतो. ऑक्सिजन अलार्म आणि हवा खेळती राहण्याची सोय नसेल तर त्या खोलीत कंटेनर ठेवू नका. पातळी रोज काठीने मोजून वहीत लिहा. नेहमीपेक्षा जलद घट, किंवा बाहेरून मानेजवळ दव वा बर्फ दिसला, तर निर्वात कवच गेलं असं समजा आणि माल लगेच दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवा. २०१८च्या मार्चमध्ये अमेरिकेत एकाच शनिवार-रविवारी दोन निरनिराळ्या केंद्रांत टाक्या बिघडून हजारो बीजं आणि गर्भ धोक्यात आले होते. आणि सांगलीकरांनी टाक्या तळमजल्यावर ठेवूच नयेत. २०१९ आणि २०२१चं कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

कराडची_ऋतुजा

सगळं वहीत उतरवून घेतलं. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्याबद्दल कुणी लिहील का? सेमिनारचा विषय तोच घेतलाय.

अजिंक्यतारा_४१५

२५ जुलै १९७८ला इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली आणि ३ ऑक्टोबर १९७८ला कोलकात्यात डॉ. मुखोपाध्यायांच्या प्रयोगातून दुर्गा. मुखोपाध्यायांनी गोनॅडोट्रॉपिन ही संप्रेरकं देऊन बीजं वाढवली, योनिमार्गातून काढली, गर्भ डीएमएसओ हे गोठताना पेशी जपणारं रसायन वापरून गोठवला आणि नंतरच्या पाळीत सोडला. एडवर्ड्स-स्टेप्टो-पर्डी यांनी लुईसच्या वेळी नैसर्गिक पाळीतलं एकच बीज लॅपरोस्कोपने घेतलं होतं. आज जगात रूढ आहे ती पद्धत कोलकात्याच्या जास्त जवळची आहे. सेमिनारमध्ये हा मुद्दा ठळक मांड.

सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, बदली झाली, १९ जून १९८१ला त्यांनी आयुष्य संपवलं. ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईत केईएममध्ये हर्षा जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून, आणि तीच भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी ठरली. पुढे आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि १९९७मध्ये 'करंट सायन्स'मध्ये जाहीरपणे लिहिलं की पहिला मान त्यांचा. स्वतःकडचा मान दुसऱ्याला देणारा हा माणूस मला मुखोपाध्यायांइतकाच मोठा वाटतो. आणि हे शक्य झालं ते त्या नोंदी टिकल्या म्हणून. वहीची पानं क्रमांकित, रोजची तारीख, खोडलेलं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, ही सवय आत्ताच लाव.

कराडची_ऋतुजा

धन्यवाद सर. डेझर्टेशनला सहा महिने आहेत. यातलं काय जमेल?

मिरज_जंक्शन

पिपेटची तुलना घ्या. रुग्णालयात तपासून उरलेले, नाव काढून क्रमांक दिलेले ३० नमुने. प्रत्येक नमुना दोन्ही प्रकारच्या पिपेटने, प्रत्येकी दोन विरलनं, मोजणाऱ्याला पिपेट कोणती ते माहीत नाही. निकाल ब्लँड-ऑल्टमन आलेखात (दोन पद्धतींतला फरक दाखवणाऱ्या) मांडा. नुसता सहसंबंध काढू नका, दोन पद्धतींत ठरावीक फरक असला तरी तो छान येतो. एका नमुन्याला दीड-दोन तास धरा, दिवसाला दोनच्या वर घेऊ नका, डोळे थकले की मोजणी ढिली होते. उरलेला नमुना असला तरी नैतिकता समितीची मंजुरी लागते. समितीच्या बैठका रोज नसतात, म्हणून विषय गाइडनी मान्य केला की त्याच आठवड्यात पुढच्या बैठकीची तारीख आणि अर्जाची शेवटची तारीख विचारून घ्या. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत न्यूबॉअर कक्षावर यीस्टच्या पेशी मोजून सराव करा.